भाच्याला कुणी बोलत नाही

कारागांडा, १२ ऑक्टोबर १९९७

शोल्पानताई,

तर मी जे म्हणत होतो ते अर्धंच राहिलं, बस सुटली. मी म्हणत होतो की तू मला एकदा तरी शिवी दे. तू खिडकीतून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी दिलीस आणि म्हणालीस, "वाटेत खा." अगं, मी तुझ्या भावाच्या, इलियासच्या, चाळिसाव्या दिवसाच्या दुखवट्याला आलो होतो, सहलीला नाही.

मामीनं मला दारापासून लांब, वरच्या मानाच्या जागी बसवलं. चहा दर वेळी अर्धाच पेला ओतला, जसा मानाच्या पाहुण्याला ओततात तसा. मी मुद्दाम अकरा पेले प्यायलो. वाटलं, एकदा तरी काठोकाठ भरून देईल, म्हणजे "आता ऊठ." नाही दिला. मेंढीच्या डोक्याचा कान कापून माझ्या ताटात ठेवला. तो दर वर्षी इलियासला मिळायचा.

ऑगस्टमध्ये ते घडलं त्या दिवशी तू आत बायकांमध्ये होतीस, म्हणून सगळं लिहितो. पोलिसांना सांगितलं तसं नाही, खरं. मामांच्या साठीची मेजवानी रंगात आली होती. आमचे ओस्पानकाका मला डिवचायला लागले. "काय रे, भाच्याला मामाकडून तीन वस्तू मागायचा हक्क असतो. तुझ्या दोनच झाल्या. तिसरी काय म्हातारपणी काठी मागणारेस?" सगळे हसले. पाचव्या वर्षी मी कुत्रीचं पिल्लू मागितलं होतं, तेराव्या वर्षी चांदीच्या नक्षीचं खोगीर. खोगिराच्या वेळी मामांचा चेहरा जरासा पडला होता, तर सात वर्षं झाली, काका प्रत्येक लग्नात तेच सांगतात, "तोंडानं म्हणाला ने, नाकावर लिहिलं होतं ठेव."

माझे दारूचे दोन पेले झाले होते. मी उठलो आणि म्हणालो, "तांबडा घोडा."

मामांनी पेला खाली ठेवला, तोंड उघडलं, काकांकडे बघितलं. मग म्हणाले, "ने. तुझाच आहे."

इलियास म्हणाला, मीपण येतो. नाही, हे खोटं. मीच म्हणालो, "चल बस मागे, भित्र्या." टेकडीला वळसा घालून परत येताना घोडा वाऱ्यासारखा निघाला होता. नळांसाठी खणून तसाच सोडलेला तो जुना चर तुमच्या कोंबड्यांनासुद्धा माहितीय. घोडा डावीकडे झुकला आणि सरळ त्यात गेला. मी बाहेर उडालो. इलियास घोड्याखाली सापडला.

मामा धावत आले. त्यांनी आधी मला उचललं. म्हणाले, "लागलं का रे तुला?"

ताई, सोळा वर्षांचा पोरगा त्यांच्या पायाशी पडला होता आणि ते मला विचारत होते. तेव्हापासून मला नीट झोप नाही. तुमच्या घरातल्या कोणीतरी मला बोला.

दाउरेन


कोस-तेरेक, ३० ऑक्टोबर

दाउरेन,

पत्र मिळालं. आम्ही बरे आहोत. थंडी लवकर पडली, वीज संध्याकाळी दोन तास असते, शाळेत मुलं कोट घालूनच बसतात. मी त्यांना भूगोल शिकवते आणि माझ्याच तोंडातून वाफ निघते.

तुझ्यावर कोणाचा राग नाही. असलं पुन्हा लिहू नकोस. तुला कोण बोलणार? भाच्यावर हात उगारला तर उगारणाऱ्याचा हात थरथरतो, असं म्हातारे म्हणतात, आणि शब्द म्हणजे काय हातापेक्षा हलका असतो? आई दर शुक्रवारी इलियासच्या नावानं सात पोळ्या तळते आणि सात घरी वाटते. सातवी तुझ्या नावानं बाजूला ठेवायची का, असं परवा तिनंच विचारलं. बघ, म्हणजे तिच्या मनात काही नाही.

बाबा फारसं बोलत नाहीत. तबेल्यातच असतात.

घोड्याचा पाय बरा झालाय. साकेनचा कोळशाचा ट्रक पुढच्या महिन्यात तिकडे येणार आहे, त्यात बाबा त्याला पाठवतायत. मी म्हटलं, "अहो, तो घोडा त्याला कशाला? शहरात तो करणार काय त्याचं?" म्हणाले, "दिलेली वस्तू घरात ठेवायची नसते." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तो घोडा अंगणातून गेला की मला श्वास घेता येईल.

आत्याला नमस्कार सांग. जेवत जा.

शोल्पान


कारागांडा, २३ नोव्हेंबर

ताई,

घोडा आला. साकेननं फळी लावून खाली उतरवला आणि म्हणाला, "घे बाबा तुझा वारसा." आईनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. ती अजून अंगणात आलेली नाही.

तिला मी म्हटलं, निदान तू तरी बोल, तुझा तर भाचा होता तो. ती म्हणाली, "माझ्या माहेरची माणसं एक शब्द बोलली नाहीत, आणि मी तोंड उघडू? म्हणजे त्यांच्या मोठेपणावर मी थुंकायचं?" मग म्हणाली, "जेव." सगळे मला जेवच म्हणतात. मी तीन महिन्यांत नऊ किलो उतरलोय आणि अख्खं खानदान माझ्या मागे ताट घेऊन फिरतंय.

कॉलेजात एकाला मी मुद्दाम हे सगळं सांगितलं. रशियन मुलगा आहे, वर्गात शेजारी बसतो. म्हटलं, याला आपले रिवाज माहीत नाहीत, हा तरी बोलेल. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अपघात होता रे." मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

एक विचारू? रागावू नकोस. म्हणजे रागावलीस तरी चालेल. तांबडा तुमच्याकडे असताना कधी फाटकाला घासायचा का? कधी कशाला धडकायचा? डाव्या अंगाला?

दाउरेन


कोस-तेरेक, १४ डिसेंबर

दाउरेन,

आता घोडा? आता घोड्यावर ढकलायचंय तुला?

तुला ऐकायचं होतं ना, तर ऐक. मुका जीव आहे तो. त्याला दोन माणसं पाठीवर घेऊन पळवलं कोणी? दारू पिऊन इलियासला भित्रा कोण म्हणालं? तो भित्रा नव्हता. तुझ्यासमोर त्याला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून तो बसला. लहानपणापासून तू जे म्हणशील ते करायचा, कारण त्याला घरात हेच शिकवलं होतं, दाउरेनला नाही म्हणायचं नाही.

मलाही तेच शिकवलं. तू माझ्या वह्या चुलीत घातल्यास, मार मी खाल्ला, "वह्या उघड्यावर ठेवल्यासच कशाला?" म्हणून. तू दुधाची चरवी लाथाडलीस, मार मी खाल्ला. पिल्लू नेलंस ते माझं होतं, हे तुला माहितीय का? तुला कुणी सांगितलंच नाही. मी तीन दिवस कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून रडले आणि आई म्हणाली, रडू नकोस, त्याला कळलं तर त्याला वाईट वाटेल. तुला वाईट वाटू नये म्हणून हे घर वीस वर्षं श्वास रोखून बसलंय, दाउरेन.

गावात काय म्हण आहे माहितीय ना? मानेचं मांस म्हणजे जेवण नव्हे, भाचा म्हणजे आपला माणूस नव्हे. सगळे ती हसत हसत म्हणतात, तूही हसायचास. मी ती आता न हसता म्हणते.

माझा भाऊ तू मारलास. घोड्यानं नाही, चरानं नाही. तू.

आणि बाबांचा उजवा हात थरथरायला लागलाय. चमचा धरवत नाही त्यांना. त्यांनी तर तुझ्यावर कधी बोटही उगारलं नाही. मग थरथर कसली? हे कसलं न्यायाचं बोलणं म्हाताऱ्यांचं?

आता लिहू नकोस.

शोल्पान


कारागांडा, ११ जानेवारी १९९८

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय, हे शेवटचं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेलो आणि आईनं झाकून ठेवलेलं सगळं खाल्लं, उभ्यानं, थंडच. आई बघत राहिली. त्या रात्री सकाळपर्यंत झोपलो. तुला हे विचित्र वाटेल. पिल्लाचं मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे पाच वर्षांचा होतो तेव्हा नसेल माहीत, पण नंतर विचारायला हवं होतं. मी कधी काही विचारलंच नाही, मला लागलंच नाही कधी विचारायला.

तू लिहिलंस त्यातला एकही शब्द खोटा नाही. तो घोड्याचा प्रश्न मी वेड्यासारखा विचारला, विसरून जा. घोड्यात काही खोट नाही. चांगला रुळलाय. मी त्याच्याजवळ उजव्या बाजूनंच जातो म्हणजे बिचकत नाही, पाण्याची बादलीही उजव्या खुंटीला टांगतो. खातोपितो. शेजारची पोरं त्याला साखर देतात.

मामांना डॉक्टरकडे ने. माझं नाव काढू नकोस.

दाउरेन


कोस-तेरेक, ८ फेब्रुवारी

दाउरेन,

बादली उजवीकडे का?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागातच वाचलं आणि फळीवर टाकलं. पंधरा दिवसांनी भांडी घासताना हे वाक्य आठवलं. पुन्हा वाचलं. हात पुसून तबेल्यात गेले. बाबा नव्हते. तांबड्याच्या जागी, डाव्या हाताच्या खांबाला, डोळ्याच्या उंचीवर, गोणपाटाची चौपदरी गादी खिळ्यांनी ठोकली आहे. उजव्या खांबाला काही नाही. मी रोज तिथून जाते, मला कधी दिसलीच नव्हती. गोणपाट काळंकुळं झालंय, त्यात तांबडे केस अडकलेत, खिळे गंजलेत. म्हणजे कालपरवाचं काम नाही. ऑगस्टच्या खूप आधीचं.

तू मला नोव्हेंबरमध्ये विचारलंस, डाव्या अंगाला. मी तुला काय काय लिहिलं.

खरं लिही. मला सांभाळून घेऊ नकोस, मला त्याची सवय नाही.

शोल्पान


कारागांडा, १ मार्च

ताई,

ठीक आहे.

आला त्याच आठवड्यात तो आमच्या फाटकाच्या खांबाला दोनदा धडकला. दोन्ही वेळा डावा खांदा. मी जनावरांच्या डॉक्टरला आणलं. त्यानं डाव्या डोळ्यासमोर काडी पेटवून धरली, घोडा हलला नाही. बाहेरून डोळा चांगला दिसतो, ऊन तिरकं पडलं तरच आत दुधासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाला, दोन वर्षं तरी झाली असतील. म्हणाला, "रोज खरारा करणाऱ्याला कळल्याशिवाय राहणार नाही."

रोज खरारा कोण करायचं, तुला माहितीय.

मी खूप विचार केलाय यावर, ताई, तीन महिने दुसरं काही केलंच नाही. मामांनी तोंड उघडलं होतं, मी बघितलं होतं ते. ते सांगणारच होते. पण समोर ओस्पानकाका बसलेले. मामा म्हणाले असते, "अरे, तो एका डोळ्यानं आंधळा आहे," तर काका मांडी थोपटून म्हणाले असते, "झालं, खोगिराच्या वेळी नाक बोललं, या वेळी घोड्याचा डोळा बोलला." भाचा मागेल त्या वस्तूत खोट काढणं म्हणजे न देणं. साठ वर्षांच्या माणसाला भरल्या मेजवानीत कंजूष म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यांना काय माहीत मी लगेच त्यावर बसेन, आणि इलियासला घेऊन बसेन? त्यांना वाटलं असेल, नंतर एकटं गाठून सांगू.

म्हणून माझं म्हणणं ऐक. त्यांना विचारू नकोस. मामीला कळू देऊ नकोस. ते गोणपाट काढून जाळून टाक. सगळं माझ्यावरच राहू दे, जसं आहे तसं. अगं, मी भाचा आहे. मला कोण बोलणारे? जन्मभर माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नाही. मामांना ही सोय नाही. त्यांना मामी बोलेल, गाव बोलेल, काका तर कबरीपर्यंत बोलतील. इतकी वर्षं तुमच्या घरातनं फुकटचा मान घेतला, त्याचा एकदा तरी काही उपयोग होऊ दे.

आणि तुझं डिसेंबरचं पत्र परत घेऊ नकोस. दारू मीच प्यायलो होतो. भित्रा मीच म्हणालो होतो.

दाउरेन


कोस-तेरेक, २९ मार्च

दाउरेन,

मी विचारलं. तुझं पत्र येण्याआधी नाही, नंतर. तू नको म्हणालास म्हणून दोन आठवडे गप्प बसले, आणि मग लक्षात आलं की गप्प बसणं हेच तर चाललंय या घरात.

नवरोज झाला. दुखवट्यामुळे आम्ही काही केलं नाही, शेजारणीनं खीर आणून दिली. आई तिच्याकडे भांडं परत द्यायला गेली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "घोड्याचा डोळा तुम्हाला माहीत होता."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "दोन वर्षं."

 मग म्हणाले, "त्याला कळलं का?" मी म्हटलं, नोव्हेंबरमध्येच कळलं. त्यांचा चेहरा असा झाला, दाउरेन, की मी घाबरले. म्हणाले, "नोव्हेंबरपासून? आणि तो आला नाही?"

तुला कळतंय का? तांबडा त्यांनी त्याचसाठी पाठवला होता. रिवाज वगैरे सगळं मला सांगायला. ते म्हणाले, "मी विचार केला, माझ्या तोंडातून निघत नाही, घोडा सांगेल. पोरगा हुशार आहे, आठ दिवसांत ओळखेल. येईल, दारात उभा राहील, चार माणसांत माझी अब्रू काढेल, बरं होईल. दर शनिवारी बसच्या वेळेला दाढी करून बसायचो." आणि तू काय केलंस? तू बादली उजवीकडे टांगलीस. तू चांगुलपणा केलास. आपल्यात सगळे चांगुलपणाच करतात.

मग मला म्हणाले, "तू बोल आता." मी सव्वीस वर्षांची बाई, शाळेत चाळीस पोरांना दमात घेते. पण बापाला कसं बोलायचं हे मला येत नाही. कोणी शिकवलंच नाही. मी त्यांचा हात धरून बसले, तो थरथरत होता, आणि मला त्यांची इतकी कीव आली आणि इतका राग आला की दोन्ही एकाच तोंडानं बाहेर येईना. आई परत आली तेव्हा आम्ही खीर खात होतो.

आता आईचं सांगते, कारण मी तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं. सातवी पोळी तुझ्या नावानं ठेवू का, असं तिनं विचारलं होतं हे खरं. पण पोळ्या मेलेल्यांच्या नावानं तळतात, तुला माहितीय. ती हसत नव्हती. तिनं तुला मनात केव्हाच पुरलंय. तुझ्या ताटात तो कान ठेवला ना तिनं, त्या रात्री ती अंगणात गेली आणि नुकताच पडलेला बर्फ तोंडात कोंबून ओरडली, म्हणजे पाहुण्यांना ऐकू जाऊ नये. मी तिला आत आणलं. आत येऊन तिनं तुझी गादी घातली.

ऑगस्टमध्ये इलियासच्या वर्षाचं जेवण आहे. सगळे येतील, ओस्पानकाकासुद्धा. तुला यावंच लागेल. बाबा म्हणतात, तोपर्यंत मी स्वतः तिला सांगतो. असं ते रोज म्हणतात. ते सांगणार नाहीत, मी ओळखते त्यांना. सांगायचं तर मलाच सांगावं लागेल.

न सांगावं तर ती मरेपर्यंत तुला मानानं वर बसवेल आणि आतून जळत राहील. तूही तेच मागतोयस, आणि तुला वाटतं तू काहीतरी मोठं देतोयस. पण ते ओझं तू उचलत नाहीयेस, दाउरेन, तीच उचलतेय. सांगावं तर तिच्या मनातून तू सुटशील, अर्धा तरी. आणि तिला पहिल्यांदाच असं माणूस मिळेल ज्याला ती मोठ्यानं बोलू शकते. पण ते माणूस म्हणजे तिचा नवरा. चौतीस वर्षं ती त्यांच्या शेजारी झोपतेय, आणि मुलगा तर गेलाच आहे.

मी रोज शाळेतून येताना ठरवते की आज सांगायचं. मग ती दार उघडते आणि म्हणते, "दमलीस का गं?"

तू सांग. तिच्याकडे आता दोनच माणसं उरलीत दोष द्यायला, तू आणि बाबा. त्यातलं कोण तिच्याकडून काढून घ्यायचं, हे मी ठरवायचं का? आणि ठरवायचंच, तर तुझ्या मते मी काय करावं?

शोल्पान